पावसाळ्यात अंगण बंद का ठेवत नाही?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे आवणी जोरात चालू असेल. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात जून ते सप्टेंबर असा पाऊस लागतो की समोरचा डोंगर कित्येक दिवस दिसत नाही. या दिवसांतही आपल्या बालवाड्या चालू असतात आणि तीन ते सहा वर्षांची लेकरे रोज थोडा वेळ तरी अंगणात खेळतात. कामाचा अहवाल द्यायला मी ज्या ज्या मंडळीत जाते, तिथे पावसातल्या खेळाचे फोटो पाहून कोणीतरी विचारतेच, "ताई, एवढ्या पावसात ही लहान लेकरं बाहेर कशाला काढता? आधीच ती अशक्त. चार महिने आत बसवली तर काय बिघडेल?"

प्रश्न प्रेमापोटी आलेला असतो. पाड्यावरच्या आयाही तो विचारतात, फक्त त्यांचे शब्द वेगळे. एक आई मला म्हणाली, "पोर भिजलं न् ताप आला, तर आवणी सोडून दवाखान्यात मलाच जावं लागंल ना?" तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि तिच्या घरी ती फार मोठी गोष्ट असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट, कारणांसकट द्यावे असे मला वाटले.

आत बसलेल्या लेकराचे काय होते

आमच्या भागातले घर म्हणजे बहुधा कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले. उन्हाळ्यात ते थंड आणि सुखाचे असते. पावसाळ्यात मात्र झड आत येऊ नये म्हणून सगळ्या फटी बुजवलेल्या असतात, खिडकी बहुतेक नसतेच, आणि चुलीत ओले लाकूड धुमसत असते. आईबाप आवणीला गेले की आजी आणि तीन-चार लेकरे त्या चुलीभोवती दिवस काढतात. एकाला सर्दी झाली की दोन दिवसांत सगळ्यांची नाके वाहू लागतात.

सर्दी-खोकला पावसाच्या पाण्यातून येत नाही. तो विषाणूंमुळे होतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बंद, कोंदट, गर्दीच्या जागेत त्याला सर्वांत चांगली संधी मिळते. त्यात धुराची भर. घरातल्या चुलीच्या धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्या कोपऱ्याला आपण सुरक्षित समजतो, तोच कोपरा लेकराच्या छातीला सर्वांत जड जातो. उघड्या अंगणात वारा वाहता असतो, धूर नसतो, आणि लेकरे एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून बसलेली नसतात.

दुसरी गोष्ट हालचालीची. याच संघटनेने २०१९ साली सांगितले की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यांतली ६० मिनिटे तरी जोराच्या खेळाची असावीत. तीन तासांची हालचाल चुलीपाशी होत नाही. ज्या वयात पाय, पाठ, बोटे आणि बोली घडते, त्या वयातले दर वर्षाचे चार महिने आपण काढून घेतले, तर पहिलीत जाईपर्यंत त्या लेकराचे एक संपूर्ण वर्ष गेलेले असते.

तिसरी गोष्ट भुकेची. पावसाळा हा आमच्याकडे उपाशी ऋतू आहे. घरातली नागली, वरई, भात संपत आलेला असतो आणि नवे पीक दिवाळीच्या आधी हाती येत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अशा काळात बालवाडी बंद ठेवणे म्हणजे लेकराच्या तोंडचा घास बंद ठेवणे. ते आले, तर जेवते.

थंडी नेमकी कशाने बाधते

मग आयांची भीती खोटी आहे का? मुळीच नाही. भिजलेल्या लेकराला थंडी खरोखर बाधते. पण ती पावसाचे थेंब अंगावर पडल्याने नव्हे, तर ओल्या कपड्यांत तासन् तास राहिल्याने. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. त्यात लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठी असते, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडते. आणि ज्या लेकराच्या अंगावर मांसच नाही, ज्याच्या पोटात सकाळपासून काही नाही, त्याच्या शरीरात ऊब तयार करायला सरपणच नसते. कुपोषित मुलांवर उपचार करणारे डॉक्टर रक्तातली साखर घटणे आणि अंग गार पडणे या दोन गोष्टी सर्वांत आधी तपासतात. त्या जोडीनेच येतात.

यातून आमचा नियम तयार झाला आहे. तो सेविकेला आणि मदतनीस ताईला तोंडपाठ आहे: पोट भरलेले, खेळ थोडा, नंतर लगेच कोरडे. या तिन्हींतले एक जरी जमणार नसेल, तर त्या दिवशी खेळ पडवीतच होतो.

सगळा हिशोब दुसऱ्या जोडाचा

नॉर्वेत बालवाडीची मुले पावसात आणि बर्फातही रोज बाहेर खेळतात. हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात, असे तिकडचे लोक म्हणतात. त्यांची पद्धत साधी आहे: अंगालगत लोकरीचा कपडा, त्यावर पाणी न शिरणारा अंगरखा, आणि बालवाडीत ठेवलेला कोरडा जोड. ओले कपडे वाळवायला तिथे विजेवर चालणारी कपाटेही असतात.

आमच्या पाड्यावर तीच म्हण वेगळी ऐकू येते. इथे कित्येक लेकरांकडे धड असा एकच जोड असतो. तो भिजला की दुसरा नाही, आणि पावसाळ्यात भिजलेला कपडा तीन-तीन दिवस वाळत नाही. मग लेकरू तोच ओला सदरा अंगावर वाळवते. आई त्याला बाहेर जाऊ देत नाही याचे कारण तिचे अज्ञान नाही. तिने हिशोब केलेला आहे आणि तिचा हिशोब बरोबर आहे. आपण तो हिशोब बदलला पाहिजे.

म्हणून आपल्या बालवाडीत प्रत्येक लेकराच्या नावाची एक कापडी पिशवी खुंटीला टांगलेली असते. वाचता येत नाही म्हणून पिशवीवर चित्र आहे: कोणाचा मासा, कोणाचा मोर, कोणाची छत्री. पिशवीत कोरडे कपडे आणि एक पंचा. ते कपडे बालवाडीतच राहतात. सुरुवातीला दोन जोड ठेवत होतो. पण एक अंगावर, एक ओला, आणि कालचा अजून वाळतोच आहे, अशी गत होते, म्हणून आता तीन ठेवतो. विजेचे कपाट आमच्याकडे नाही. खिचडी शिजते त्या पडवीत, चुलीपासून लांब आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी दोरी बांधलेली आहे. चुलीच्या उबेने कपडे वाळतात. थोडा धुराचा वास येतो, पण त्याची कोणाला तक्रार नाही.

आमच्या अंगणातला एक तास

लेकरे येतात तेव्हा आधी खाणे होते. गरम पेज किंवा खिचडी पोटात गेल्याशिवाय कोणी अंगणात उतरत नाही. मग सेविका काठीने अंगण, लाकडांचा ढीग आणि पडवीच्या कडा तपासते, कारण पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत येतात. त्यानंतर पायांत चपला किंवा गमबूट. ही चैन नाही. हुकवर्म नावाचा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतो आणि लेकराचे रक्त पितो. आमच्या मुलांच्या फिकट डोळ्यांमागे तोही असतो. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो, त्या दिवशीची गोळी कोणी चुकवू नये यावर आम्ही लक्ष ठेवतो. अंगणात आणि आजूबाजूला कोणी शौचाला बसणार नाही, हेही पाड्याशी बोलून ठरवले आहे.

मग खेळ, वीस-पंचवीस मिनिटे. पाऊस रिपरिप असेल तर अंगणात, जोराचा असेल तर पडवीच्या कडेला बसून. पागोळ्यांखाली करवंट्या मांडतात आणि कोणाची आधी भरते ते पाहतात. कोणी दहापर्यंत मोजते, कोणी तीननंतर एकदम सात म्हणते. सागाच्या मोठ्या पानावर पाऊस कसा वाजतो आणि पत्र्यावर कसा वाजतो, ते डोळे मिटून ओळखतात. अंगणातल्या ओघळाला मातीचा बांध घालतात, तो फुटतो, पुन्हा घालतात. ज्यांनी बापाला शेताचा बांध घालताना पाहिले आहे ती लेकरे यात मोठ्यांना शिकवतील अशी असतात. पानांच्या होड्या, बेडकाच्या उड्या, गोगलगायीमागे फिरणे, मृगाचे लाल मखमली किडे हातावर घेऊन पुन्हा गवतात सोडणे. यासाठी एकही खेळणे विकत आणावे लागत नाही.

घरी वारली किंवा कातकरी बोली बोलणारे जे लेकरू वर्गात गप्प बसते, ते अंगणात बोलू लागते, कारण तिथली प्रत्येक वस्तू त्याच्या ओळखीची असते. पाऊस, चिखल, खेकडा यांना घरी काय म्हणतात ते ते सांगते, सेविका त्याचा मराठी शब्द सांगते, आणि दोन्ही शब्द सगळे मिळून म्हणतात. पुढे शाळेत त्याची जीभ अडू नये यासाठी याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

खेळ संपला की पिशव्या उतरतात. अंग पुसणे, आधी डोके, मग पाय आणि बोटांच्या बेचक्या. कोरडे कपडे, साबणाने हात, आणि वाटीभर कोमट पेज. ही पंधरा मिनिटे खेळाइतकीच महत्त्वाची आहेत. चार वर्षांचे लेकरू स्वतःचा पंचा घेऊन स्वतःचे पाय पुसते तेव्हा तेही शिकणेच असते.

केव्हा बाहेर काढत नाही

नियम जितका खेळाचा, तितकाच थांबण्याचा. गडगडाट ऐकू आला की सगळी लेकरे ताबडतोब आत. झाडाखाली कोणी उभे राहत नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे होईपर्यंत कोणी बाहेर येत नाही. ओढा, नाला आणि भाताच्या खाचरातले साचलेले पाणी कायमचे वर्ज्य. ओढा वर डोंगरात पडलेल्या पावसाने अचानक चढतो, आणि साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. पायाला जखम असलेले लेकरू चिखलात उतरत नाही.

ताप असलेले, जुलाब होत असलेले, किंवा धाप लागलेले लेकरू आतच राहते. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर ती साधी सर्दी नाही. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. हे मोजणे आम्ही आयांनाही शिकवतो.

तीव्र कुपोषित लेकराची गोष्ट निराळी. ज्याचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर सूज आहे, त्याला आम्ही पावसात नेत नाही. आधी दवाखाना, आधी आहार. पण त्यालाही खेळ लागतोच. उपचारात खेळ आणि माया हा औषधाइतकाच भाग मानला जातो. ते पडवीत, कोरड्या घोंगडीवर, आजीच्या मांडीवर बसून पागोळ्यांना हात लावते.

एक खूण मुद्दाम सांगते. धडधाकट मूल गारठले की कुडकुडते आणि रडते. अशक्त मूल कुडकुडतही नाही, नुसते गप्प होते आणि पेंगते. म्हणून अंगणात सेविकेची नजर दंगा करणाऱ्यांपेक्षा गप्प झालेल्यावर जास्त असते.

हिवाळ्याचे दोन शब्द

पाऊस सरला की थंडी. आमच्याकडे पहाटे चांगलीच हुडहुडी भरते, आणि तिकडे नंदुरबारच्या सातपुड्यात, तोरणमाळ-डाबच्या बाजूला, काही वर्षी दव गोठून पांढरे होते. थंडीत नियम तोच, फक्त वेळ बदलते. ऊन अंगणात उतरल्यावर खेळ, तोही पळापळीचा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक बरे, कारण मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि पळून गरम झाल्यावर एक उतरवता येतो. कानांवर टोपी. शेकोटीभोवती लहानांना एकटे कधीच सोडत नाही. थंडीच्या दिवसांत भाजण्याचे अपघात शेकोटीपाशीच होतात.

हे नवीन नाही

आपण काही नवे करतो आहोत असे नाही. डहाणू तालुक्यातले कोसबाड आमच्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. लेकरे शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर ती कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. आज देशभर जो 'अंगणवाडी' शब्द चालतो, त्यात 'अंगण' आधी येते आणि भिंतीचा उल्लेखही नाही.

त्याच्याही आधी, १९१४ साली, लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या ख्रिस्ती समाजवादी विचारांच्या दोन बहिणींनी उघड्या हवेतली बालशाळा काढली. लंडनची हवा थंड आणि ओलसर. मुले झोपडपट्टीतली, कोंदट खोल्यांतली. या बहिणींनी त्यांना बाग दिली, एका बाजूने उघडे छप्पर दिले, आणि त्यासोबत आंघोळ, स्वच्छ कपडे आणि पोटभर जेवण दिले. मोकळी हवा आणि कपडे-जेवण या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत.

आमच्या पाड्यावरच्या आज्यांनाही हे ठाऊक आहे. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पाने विणून केलेले इरले डोक्यावर घेऊन त्या जन्मभर पावसात वाकून आवणी करत आल्या. गेल्या वर्षी एका आजोबांनी लहान मुलांच्या मापाची दोन इरली विणून दिली. ती कोणी घ्यायची यावरून रोज भांडण होते.

तुमच्याकडून काय हवे

मंडळ्यांकडून आम्हांला बहुधा खोली बांधून देण्याचा विचार ऐकायला मिळतो. त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत. पण खोलीपेक्षा आज गरज आहे ती रुंद पडवीची: जोते उंच, दोन बाजूंनी छप्पर पुढे आलेले, झड आत येणार नाही अशी. एका मोठ्या खोलीच्या खर्चात अशा एकाहून अधिक पडव्या होतात.

आणि कपडे. इथे एक विनंती. जाड सुती स्वेटशर्ट आणि जीन्स कृपया पाठवू नका. त्या पाणी पितात आणि आमच्याकडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तीन ते सहा वर्षांच्या मापाच्या पातळ, लवकर वाळणाऱ्या चड्ड्या आणि सदरे, लोकरी किंवा लोकरमिश्रित पातळ स्वेटर, कानटोप्या, पंचे, टोपीचे रेनकोट आणि लहान गमबूट, एवढे हवे. वस्तू नवीच हवी असे नाही, धड हवी. महिला मंडळांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून त्यांवर चित्रे काढून दिली, तर शब्बाथ शाळेच्या मुलांनाही त्यात हात लावता येईल. पंचावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही हे खरे, पण तो रोज वापरला जातो.

जखऱ्याच्या आठव्या अध्यायात देव यरुशलेमेच्या उद्धाराचे जे चित्र दाखवतो, त्यात वाटांवर खेळणारे मुलगे आणि मुली आहेत. वस्तीला शांती लाभली याची ती खूण आहे. आमच्या पाड्यांवर ती खूण वर्षाचे आठच महिने दिसावी, असे आपल्याला वाटणार नाही.

प्रार्थनेसाठी विषय: आवणीच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या लेकरांच्या रक्षणासाठी. ओढे ओलांडून रोज बालवाडीत पोचणाऱ्या सेविका आणि मदतनीस यांच्यासाठी. दवाखान्यापर्यंतचे रस्ते खुले राहावेत यासाठी. आणि ज्या आया अजून आपल्या लेकराला अंगणात सोडायला घाबरतात त्यांच्यासाठी, की त्यांना पिशवीतला तिसरा जोड दिसावा आणि धीर यावा.

प्रभूच्या सेवेत,
तुमची बहीण